दोन किनाऱ्यांमधली तार

शुक्रवार, २१ मार्च २०१४

ट्विटर बंद! रात्रीतून. सकाळी चहा ठेवला, फोन हातात घेतला, तर नुसतं पांढरं पान फिरतंय. वाटलं आपलंच नेट गेलं. मग खालच्या मजल्यावरून भावाच्या, कद्रीच्या टीव्हीचा आवाज आला तेव्हा कळलं – अख्ख्या देशाचं गेलंय, सरकारनेच बंद केलंय.

दहाच्या सुमारास पत्रकार जिहानची मेल. "मुअल्लाताई, हातपाय गाळू नकोस. खाली बंदी चुकवायचे आकडे दिलेत, फोनच्या सेटिंगमध्ये घाल. इस्तंबूलमध्ये पोरं हेच आकडे भिंतींवर रंगवतायत." घातले. लागेना. पुन्हा घातले – लागलं! मी चक्क टाळी वाजवली. एकटीनेच.

लगेच आकडे 'दोन किनारे'वर टाकले. आमचा हा मेलगट मी सुरू केला तेव्हा एवढंच डोक्यात होतं – उत्तर किनाऱ्यावरच्या आमच्या सिनोपला अणुभट्टी आणायचं चाललंय, तशीच दक्षिण किनाऱ्यावरही, तर वरच्यांनी खालच्यांशी बोलावं. पुढे जिहानसारखे लोक आले. भट्टीशी त्यांचा संबंध नाही, लिहिल्याबद्दल खटले अंगावर घेतलेले. पहिल्यांदा भांडणंच. "आमच्या लिंबांच्या बागेत हे खटलेवाले कशाला?" मग ज्यांनी बागांबद्दल लिहिलं त्यांच्यावरच खटले लागले आणि सगळ्यांना समजलं की भांडण एकच आहे.

संध्याकाळी दक्षिण किनाऱ्यावरच्या, गटातल्या हजेर मावशीचं उत्तर: "पोरी, सुनेने आकडे घातले. ती म्हणते दिसायला लागलं. मला काय, मला आधीही काही दिसत नव्हतं!"

पोरी! छप्पन्न वर्षांच्या बाईला.

रविवार, २३ मार्च

मासळीबाजारात गेले. रांगेतल्या बायका बोलायच्या थांबल्या. मासेवाला मोठ्यांदा म्हणाला, "काय बाई, तुमचे जपानी कधी येतायत भट्टी बांधायला? माझी मासळी आत्तापासून चमकायला लागलीय!" सगळे हसले. मीही हसले. काय करणार.

पाव किलो हमसी घेतली. एकटीला तीही जास्त होते. उरलेली मांजराला.

मंगळवार, २५ मार्च

कद्री जिन्यात भेटला. मान खाली घालून भिंतीला चिकटून गेला. सख्खा भाऊ. गेल्या वसंतात मी गॅलरीत भट्टीविरोधी फलक लावला तेव्हापासून बोलणं बंद. त्याचे तीन ट्रक आहेत. टोकावर भट्टीचं बांधकाम सुरू झालं की दगड वाहायचं काम मिळेल या आशेवर आहे. बायको नझीफे अधूनमधून झाकलेली ताटली वर आणून ठेवते, दार वाजवते आणि मी उघडायच्या आत पळते. परवा सापडली. "वन्सं, त्यांना सांगू नका हं." मी कोणाला सांगणार गं? माझ्याशी बोलतंय कोण?

गुरुवार, २७ मार्च

आज यूट्यूबही गेलं. जिहान म्हणतो, "आता फक्त कबुतरं उरली, ताई. त्यांच्यावरही खटला भरतील."

हजेर मावशीला काल लिहिलं होतं की घरात दुसऱ्या माणसाचा आवाज नसला की जेवण गिळवत नाही. ती पाच वाक्यं पाठवते, त्यातलं एखादं दिवसभर पुरतं. आज: "एकटीने जेवायचं तर खिडकीशी बस. भिंतीकडे तोंड करून बसू नको. मी सासूच्या धाकात वर्षानुवर्षं भिंतीकडे तोंड करून जेवले, त्याची चवच आठवत नाही."

ताट उचलून खिडकीशी गेले. समुद्र काळा. एक जहाज. बरं वाटलं, खोटं का बोलू!

मी कितीदा विचारलं, फोन करू का? तर – "कान गेलेत, पोरी. लिहीत जा. सून कानाशी ओरडून वाचून दाखवते."

रविवार, ३० मार्च

निवडणूक. मत दिलं. घरी आले.

गुरुवार, ३ एप्रिल

ट्विटर परत आलं, कोर्टाने बंदी उठवली. जिंकलो म्हणे. गटावर शेकडो माणसं नाचतायत. मी इथे एका खोलीत बसून सगळ्यांना "अभिनंदन, अभिनंदन" लिहितेय. शेवटी स्वयंपाकघरातल्या मांजराला म्हटलं, "अभिनंदन." ते निघून गेलं.

सोमवार, ७ एप्रिल

वाईट बातमी. जिहानच्या खटल्याची तारीख लागली – २५ एप्रिल.

गेल्या शरद ऋतूत हजेर मावशीच्या गावात भट्टीबद्दल लोकांचं म्हणणं ऐकायची सभा होती. विरोधकांना आत सोडलंच नाही. मावशी पायऱ्या चढून दारापर्यंत गेली, तिला ढकललं, ती पडली, मनगट मोडलं. तिने सगळं मला लिहून पाठवलं. मी जिहानला दिलं, त्याने छापलं. सरकारी म्हणणं: कोणाला अडवलं नाही, कोणाला लागलं नाही. आता सरकारी वकील म्हणतो, जिहानने ही बाई कल्पनेतून उभी केली. हजेर नावाची कोणी बाईच नाही! ती हजर झाली नाही तर खोटी बातमी पसरवल्याबद्दल दोन-तीन वर्षं आत.

हजेर मावशीला लगेच लिहिलं. "तुला इस्तंबूलला यावं लागेल. खर्चाचं मी बघते. मी स्वतः येते तुझ्या सोबतीला."

मंगळवार, ८ एप्रिल

उत्तर नाही.

बुधवार, ९ एप्रिल

चौकीत बोलावलं. साहेब तरुण, फार सभ्य. चहा दिला. "बाई, तुम्ही भूगोल शिकवायच्या ना? माझ्या मेव्हणीला तुम्हीच होतात. ह्या वयात हे उद्योग कशाला?" मी म्हटलं, भूगोलच शिकवतेय अजून – वारा कुठून कुठे वाहतो ते. तो हसला नाही. गटात कोण कोण आहे, पासवर्ड काय, जिहानला कधी भेटलात? भेटले नाही, म्हटलं. कोणालाच भेटले नाही. त्याचा विश्वास बसेना. "इतकी वर्षं, आणि एकदाही नाही?" तिथे मात्र मला रडू येईल असं वाटलं. त्याला वाटलं मी घाबरले.

बाहेर कद्री उभा. घरातला पुरुष म्हणून त्याला फोन गेला होता. ट्रकमध्ये बसले. वर्षभरात पहिल्यांदा बोलला. "ताई, तुला लाज नाही? माझ्या पोरींची लग्नं व्हायचीयत."

"शहाऐंशी साली समुद्रापलीकडे भट्टी फुटली, त्या पावसात आपण सगळे भिजलो होतो," मी म्हटलं. "बागेतली भाजी खाल्ली. कोणी सांगितलं का काही?"

"आईला कॅन्सर त्यानेच झाला असं कोण म्हणतं?"

"मीही म्हणत नाही. कशाने झाला कोणाला ठाऊक. पण सांगायला हवं होतं की नाही? आपण भाजी तरी खाल्ली नसती."

त्याने घरासमोर ट्रक थांबवला. हँडब्रेक ओढताना म्हणाला, "आई गेली. आता तू मला संपव."

गुरुवार, १० एप्रिल

नेट गेलं. पुन्हा बंदी वाटली. खाली गेले तर जिन्यातल्या डबीतून वर जाणारी वायर कापलेली. कनेक्शन कद्रीच्या नावावर आहे. बोलण्यासारखं काही नाही.

माझा फोनही चौकीत ठेवून घेतलाय.

शनिवार, १२ एप्रिल

काही नाही.

मंगळवार, १५ एप्रिल

वाचनालयातल्या संगणकावर अर्धा तास मिळाला. ओळखपत्र दाखवा, वहीत सही करा. बाजूला शाळकरी मुली खुसुखुसु हसत होत्या. गटावर माझ्याविना छान चाललंय. कोणीतरी विचारलं होतं, "मुअल्ला कुठे गेली?" त्याखाली कोणीतरी – "असेल कामात." बस.

हजेर मावशीकडून काही नाही. मनात नको नको ते येतं. तिला धमकावलं असेल. सुनेने संगणकच बंद केला असेल. की मी जरा जास्तच मागितलं? म्हातारी बाई, मोडका हात, आयुष्यात गावाबाहेर पडली नाही – आणि मी तिला कोर्टात उभं करायला निघाले!

तिला पुन्हा लिहिलं: "येऊ नकोस, मावशी. माझं चुकलं. फक्त बरी आहेस एवढं कळव." पाठवलं, आणि मग वाटलं – जिहानचा गळा मी आत्ता माझ्या हाताने कापला.

शनिवार, १९ एप्रिल

उत्तर! वाचनालयातल्या संगणकावर. दोनच शब्द. "येते, पोरी."

जिहानला कळवलं. त्याने लिहिलं: "ताई, मी सहसा रडत नाही, पण कांदा चिरतोय असं समज."

बुधवार, २३ एप्रिल

उद्या निघायचं. हजेर मावशीसाठी घरचे अक्रोड घेतले. लोकरीची शाल. तिला थंडी सोसायची नाही, उन्हाची सवय. चेहरा कसा असेल? माझ्या मनात ती ठेंगणी आहे, दात पडलेली, मोठ्यांदा हसणारी. तिला बघून मी काय म्हणणार आहे, ते भांडी घासताना म्हणून बघितलं. सगळंच वेडगळ वाटलं.

संध्याकाळी नझीफे वर आली, आणि पळाली नाही. दारात उभी राहिली. "वन्सं, कोर्टात तुम्हालाही पकडतील का?" माहीत नाही, म्हटलं; साक्षीला येणाऱ्या मावशीचंही सांगितलं. तिने पिशवी पुढे केली – बोरेक, वाटेत खायला. "दोघींना पुरेल," म्हणाली.

शुक्रवार, २५ एप्रिल. इस्तंबूल

रात्रभर बसमध्ये होते. कोर्टाच्या दारात जिहान दिसला – फोटोतल्यापेक्षा बारीक, टाय वाकडा. गटातलेही बरेच आले होते. "तू मुअल्ला? तूच का ती?" इतक्या माणसांनी एका सकाळी मला मिठी मारली की मला कसं उभं राहावं तेच कळेना.

हजेर मावशी कुठे दिसेना. मी प्रत्येक म्हाताऱ्या बाईकडे बघत होते. एकीला तर हाक मारली, ती कोणाची तरी आजी निघाली.

पुकारा झाला. "हजेर अक्सॉय!" कोणी नाही. दुसऱ्यांदा पुकारा. सरकारी वकील हसला. जिहानने माझ्याकडे बघितलं आणि मी मान खाली घातली.

तेवढ्यात मागच्या बाकावरून एक तरुण बाई उठली. काळा रुमाल, पंचविशीची असेल. म्हणाली, "हजेर अक्सॉय माझी सासू. ती जानेवारीत वारली. मी झेलिहा. ती पायऱ्यांवरून पडली तेव्हा मी तिच्या मागे उभी होते. तिने सांगितलं ते सगळं मीच टाइप केलं. एक शब्दही वाढवला नाही. मनगटाचा एक्स-रे आणलाय."

न्यायाधीशाने विचारलं, "घरच्यांना माहीत आहे तुम्ही इथे आलात ते?"

"नवऱ्याला सांगून आलेय. तो म्हणाला, गेलीस तर परत येऊ नकोस."

जानेवारीत. मी बसल्या जागी मोजत होते – खिडकीशी बस म्हणाली ती कोण? पोरी म्हणाली ती कोण? मी तिला आईबद्दल सांगितलं, कद्रीबद्दल, जे कधी कोणाला सांगितलं नाही ते सांगितलं. एका मेलेल्या बाईला! खूप राग आला. उठून निघून जावंसं वाटलं.

तासाभराने निकाल. जिहान सुटला. लोक ओरडले, कोणीतरी त्याला उचललं.

ती बाहेर जिन्यात एकटीच उभी होती. सगळे जिहानभोवती. मला बघून रडायला लागली. "सासूबाई गेल्यावर तुम्हाला कळवायला बसले. तेवढ्यात तुमची मेल आली – आज कोणाशी एक शब्दही बोलले नाही, म्हणून. मग मी त्यांच्यासारखं उत्तर दिलं. एकदाच देणार होते. पण तुम्ही रोज विचारायचात, बरी आहेस ना? मला कोणी विचारत नाही हो."

अक्रोडांची पिशवी हातात तशीच.

शनिवार, २६ एप्रिल

सिनोपची दोन तिकिटं काढली.