बरकतीची मूठ

८ नोव्हेंबर, सकाळ
आज टिंकूचा बाजा वाजते! हा आमचा टेम्पोवाला. रोज येते अन् चिवड्याच्या ड्रमात हात घालून फुकट खाते. चिवड्याच्या कारखान्याची मालकीन मोठीमाय सांजेले ड्रम कधीच पुरा रिकामा करत नाही — मूठभर चिवडा बुडाशी ठेवतेच, बरकत म्हनून. टिंकूचा डल्ला त्याच मुठीवर. काल जाताजाता मी त्यात भिवापुरी मिरचीची अख्खी पुडी कालवून ठेवलो.

सांज
टिंकू आलाच नाही! सासुरवाडीले मंडईची जत्रा हाय म्हने. अन् मी पोचतो तोवर मोठीमाय त्याच ड्रमात नवे मुरमुरे ओतून मशीन फिरवलीबी. पाकिटं बंद. वरून टेम्पो मलेच चालवा लागला — माहा बॉम्ब मीच वाटत गेलो. नागझिऱ्याच्या गेटवरचं कॅन्टीन, मग कोहमाऱ्याले केवलरामचा ढाबा. एवढ्या मालात एक पुडी काय लागन! नाही लागत.

९ नोव्हेंबर
फोन नाही. वाचलो.

११ नोव्हेंबर
नाही वाचलो. कॅन्टीनवाल्या धनेंद्रचा फोन आला. एक लेकरू चिवडा खाऊन जिप्सीत एवढं बोंबललं का कोनालेच वाघ दिसला नाही. त्याचा बाप कॅन्टीनच्या नावानं मोबाईलवर लिहून टाकला. केवलरामकडे ड्रायव्हर लोकं एका पाकिटावर एक जग पानी पिऊन राहिले.
मोठीमाय आजच भरलेलं पाकीट फोडली. चावली. डोळ्यात पानी. माह्याकडे पाहिली.
"गुड्डू, पुडी केवढी होती?"
कोनी सांगतलं नव्हतं तिले!
पन मिरची त आठ तारखेच्या मालात गेली, आजच्या मालात कशी? मग डोक्यात आलं. तिखट बुडाशीच बसते, अन् रोजची बुडाची मूठ दुसऱ्या दिवशीच्या मालात, त्याची तिसऱ्या दिवशीच्या. बरकत माही मिरचीबी पुढं पुढं सरकवून राहिली होती.

१२ नोव्हेंबर
सारा माल वापस. कोनतं पाकीट कोन्या दिवसाचं, कोनाले मालूम? साऱ्यावर तोच वाघाचा छाप, तारीख कशावरच नाही. म्हनून दिवाळीआधीचा चांगला मालबी आनला. डिझेल गेलं, प्लास्टिक गेलं, भरनाऱ्या बायांची मजुरी दोनदा. केवलराम गिऱ्हाइकाले थंड कराले पाजलेल्या चहाचे पैसे लावला — चहानं तिखट थंड होते का रे?
वापस आलेला चिवडा रामलालच्या म्हशीले टाकलो. हुंगली, तोंड फिरवली.
मोठीमाय रागावली नाही. तेच खराब. नुसतं म्हनली, वीस रुपयाची पुडी माही पुरी दिवाळी खाल्ली.

१४ नोव्हेंबर
धनेंद्र स्वतः आला. आमचा अर्धा माल तोच घेते. तो गेला त पाकिटं भरनाऱ्या चंदा, दुलारी दोघी घरी बसतीन, अन् मीबी. म्हने, पाकिटावर रोजची तारीख मारा अन् रोज सांजेले ड्रम रिकामा करून धुवा. आता एक जरी तक्रार आली, त सीजनचा माल गोंदियाच्या पार्टीकडून.
तारखेले मोठीमाय हो म्हनली. धुवाले नाही.
"लक्ष्मीचं भांडं रिकामं ठेवून मी कधी घरी गेली नाही."
"मंग लक्ष्मी तिखटच लागन, बाई," धनेंद्र म्हनला.
चंदा फस्सकन हासली. मी हासलो नाही. मले हासाची परवानगीच नाही सध्या.
मग कसंतरी जमलं. बरकतीची मूठ आता स्टीलच्या डबीत, देवापुढं. ड्रम मी धुवाचा. शिक्काबी मीच माराचा. शिक्षा म्हनते का बढती, समजून नाही राहिलं.

१५ नोव्हेंबर
पयल्याच पाकिटावर ३१ फेब्रुवारी मारलो. कान अजून गरम हाय.

१७ नोव्हेंबर
टिंकू उगवला. ड्रमात हात घातला — कोरडा! देवापुढची डबी पाहून राहिला होता, हिंमत झाली नाही. त्याच्यासाठी एवढं सारं केलो, अन् त्याले ठसकाबी लागला नाही.

१९ नोव्हेंबर
ड्रम धुताना दिसलं. आतल्या पात्याले तीन बोल्ट. काल धुतलो तेव्हा तीन होते. आज दोन. ड्रमाखाली नाही, मोरीत नाही. माल दुपारीच गेला, बोल्टबी त्यातच गेला असन.
चूप राहाचं का, हे एक मिनिट मनात आलं. मग सांगतलो. आजच्या तारखेचीच पाकिटं आना लागतीन, बाकीचे नाही.
मोठीमाय दोन बोल्टांकडे पाहिली. "हे तुहं काम त नाही ना?"
नाही म्हटलो.
मानली! एका बारीत. चप्पल घालून टेम्पोत बसलीबी — धनेंद्रले फोनवर नाही, समोर जाऊन सांगीन म्हनते.
हार्न वाजवून राहिली. चाललो.