टबातली नदी

प्रिय दादा,

रेडिओच्या नाटकांसाठी वाऱ्याचं पिंप मी केलं. लाकडी पट्ट्यांचा गोल सांगाडा, त्यावर ताणलेलं जाड कापड, बाजूला दांडा. हळू फिरवला की झुळूक, जोरात फिरवला की वादळ. एकाच चौकटीत चार प्रकारच्या कड्या बसवलेलं दार केलं. त्यात तुरुंगाचा अडसर आहे आणि नवऱ्यावर रुसलेल्या बाईची हलकी खिटीही आहे. गडगडाटाचा पत्रा मीच कापला, त्याच्या कडा मीच वाकवल्या. जुने कातडी हातमोजे झटकून कबुतरं उडवली. आणि नदी केली. पत्र्याचा टब, तळाला वाळू, मध्ये तीन दगड, त्यातला एक पालथा, आणि मनगटापर्यंत बुडलेले माझे हे दोन हात. यातलं एकही मला कुणी शिकवलेलं नाही.

तू कॉलेजात गेलास तेव्हा मी नववीत गटांगळी खाऊन रेडिओ केंद्रावर सतरंज्या झटकत होतो. पुढे नाटक विभागात शिरलो. तू मात्र पाहुण्यांना माझी ओळख अजून तशीच करून देतोस: "हा आमचा धाकटा, रेडिओत डबे वाजवतो." एकदाचं लिहूनच टाकतो, दादा. माझ्या सामानात एकही डबा नाही.

आमचं केंद्र लहान. सकाळी संगीत, गुरुवारी नाटक, महिन्यातून एकदा माहितीपट. पण ऐकणारे पक्के कानाचे. एकदा मी हौसेने खरा पाऊस टेपवर धरून नाटकात घातला, तर पत्रं आली की नायिका दारात उभी राहून काय तळत होती? तेव्हापासून पाऊसही मी हातानेच पाडतो. नाटकात लबाडी नसते. ऐकणाऱ्याला ठाऊक असतं की पलीकडे खोलीत कुणीतरी खटपट करतंय, आणि तरी तो डोळे मिटतो. तो आणि मी मिळून ती नदी वाहवतो. तुला कधी कळलं नसेल, पण गेली कित्येक वर्षं गुरुवारी वाहणारी प्रत्येक नदी आपलीच होती. आपल्या परसामागच्या वळणावर, आई कपडे धुवायची तिथे, पाणी दगडाला वळसा घालून किंचित अडखळायचं ना? ते अडखळणं जमेपर्यंत माझ्या बोटांची सालं निघाली होती.

मागच्या महिन्यात आमच्या निर्मात्या बाई म्हणाल्या, "पुढचा माहितीपट तुमच्या गावच्या नदीवर. खर्च तिथला कारखाना देणार आहे. लोकांशी मी बोलून आलेय, नदीचा आवाज तेवढा राहिला. करून द्या की तुमच्या टबात, तुमच्या डाव्या हातचा मळ!" मी म्हटलं, बाई, नदी हयात असताना तिची नक्कल कशाला? जाऊन घेऊन येतो. बाई चपापल्या. का ते तिथे पोचल्यावर कळलं.

होय, मी येऊन गेलो. तू कामावर होतास. वरच्या अंगाला तुमच्या कारखान्याचा बांध, खाली नुसते गोटे. मायक्रोफोन धरून तासभर उभा राहिलो. प्लास्टिकची एक पिशवी काट्यात फडफडत होती, बाकी काही नाही. तुझ्या दारात टँकर उभा होता. साहेबाचं घर म्हणून पहिला पाईप तुझ्या टाकीत, आणि गल्लीतल्या बायका हंडे घेऊन खोळंबलेल्या. वहिनी मला परसातल्या विहिरीवर घेऊन गेली. म्हणाली, "भावजी, रोज सकाळी मी पोहरा सोडून बघते. वेडी म्हणा हवं तर." कप्पी करकरत राहिली, दोर जात राहिला, जात राहिला, आणि शेवटी पोहरा खाली दगडावर आदळला. तो आवाज मला कुठल्याही सामानातून काढता येणार नाही. मी विचारलं, हे घेऊ ना? तुझं बोलणंही येईल त्यात. तर पदर खोचून म्हणाली, "घ्या की! आणि माझा आवाज बदलू नका. ह्यांना ओळखू येऊ दे."

बाईंनी ते ऐकलं, पुन्हा लावायला सांगितलं आणि कार्यक्रमाची सुरुवातच त्याने केली. केंद्रप्रमुख कुरकुरतायत. उद्या ते कार्यक्रम थांबवतील, माझं कंत्राट गुंडाळतील, तर गुंडाळू देत. वहिनीच्या पोहऱ्याच्या जागी माझ्या हातचं पाणी खळखळणार नाही. टबाशी बसणारा दुसरा कुणी त्यांनी आणावा. त्याला ते अडखळणं जमणार नाही, आणि आपल्या गावातलं शेंबडं पोरही सांगेल की ही आपली नदी नव्हे.

हे सगळं फोनवर सांगता आलं असतं. पण परवा तूच फोन केलास, आई गेल्यानंतर पहिल्यांदा, आणि मला बोलूच दिलं नाहीस. "अरे, चार मिनिटं पाणी वाजव, कुणाला कळतंय? वर माझी बढतीही होते." मला कळतं, दादा. तुझ्या बायकोला कळतं. तुझी बढती हुकली तर रागव, माझं नाव टाक, तरी मी तुझा धाकटाच राहीन. फक्त तुझ्या साहेबांना अर्धवट निरोप देऊ नकोस, 'भाऊ विचार करतोय' असं तर मुळीच सांगू नकोस. माझा विचार तू फोन ठेवण्याआधीच झाला होता. हे पत्रच त्यांच्या टेबलावर ठेव, म्हणजे माझ्या अक्षरात त्यांना वाचता येईल: आटलेली नदी चार मिनिटं वाहती ऐकवण्यासाठी तुमच्या कारखान्याने मला तीन लाख रोख देऊ केले, आणि ते तीनही लाख मी नाकारले.

तुझाच,
धाकटा