पान क्रमांक दोनशे बारा

तीर्थरूप दादास,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (गुडघ्यामुळे प्रत्यक्षात पाचच अंगं टेकली आहेत. उरलेली तीन टेकली असं समजून घे.) तुझी प्रकृती बरी असेल असं धरून चालतो. तसं धरायला आधारही आहे. आपलं बाइंडिंगचं दुकान बंद होऊन चार वर्षं झाली, तरी दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी सकाळी दहाला आई मला दोऱ्याचं रीळ आणायला बाजारात पाठवते, आणि मी परत येतो तेव्हा मागच्या दाराशी दोन कप उष्टे पडलेले असतात. मी विचारत नाही, ती सांगत नाही. घरात सध्या अठ्ठेचाळीस रिळं आहेत. तेव्हा तुझा खोकला उतरला, लेकीला बढती मिळाली आणि तू चष्म्याची काच बदललीस हे मला ठाऊक आहे. पण तू स्वतः होऊन सतरा वर्षांत मला काही कळवलेलं नसल्यामुळे रीतसर विचारतो: खोकला कसा आहे?

इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत. आईची भूक चांगली आहे. हिची कंबर अधूनमधून धरते. मी सरकारवर दावा लावला आहे.

आता तू म्हणशील, याला दुसरे उद्योग नाहीत. नाहीतच. पण हौस म्हणून कुणी कोर्टाच्या बाकावर बसत नाही, कारण त्या बाकाला मध्येच एक खिळा आहे आणि तो नेमका वादीच्या जागी आहे. झालं असं, की आपल्या मागच्या बोळाला लागून असलेलं घर एका दंतवैद्यानं घेतलं. माणूस बोलायला गोड, हात कायम धुतलेले. एके दिवशी त्यानं बोळात दोरी लावली, दुसऱ्या दिवशी विटा उतरवल्या, आणि मी विचारल्यावर अगदी नम्रपणे म्हणाला की हा बोळ नसून त्याचं अंगण आहे. मी म्हटलं, अहो, मी या बोळात चालायला शिकलो. तो म्हणाला, माझ्या अंगणात शिकलात, माझी काही हरकत नाही.

तुला वाटेल, जाऊ दे ना चार हात जागा. पण पुढच्या दाराला अकरा पायऱ्या आहेत आणि आईची चाकाची खुर्ची पायऱ्या उतरत नाही. ती मागच्या दारानं बोळात येते, सकाळचं ऊन खाते, येणाऱ्याजाणाऱ्याच्या चौकश्या करते आणि अकराला आत जाते. तेवढंच तिचं बाहेरचं जग उरलं आहे. भिंत झाली की ती घरातच कोंडली जाणार, आणि मला ते बघवणार नाही, हे तुला सरळच सांगतो. (शिवाय बोळ बंद झाला तर पहिल्या शनिवारी येणाऱ्या माणसाला पुढच्या दारानं यावं लागेल. पुढच्या दारात मी पेपर वाचत बसलेला असतो. त्या माणसानं याचाही विचार करावा.)

बोळ सार्वजनिक आहे की नाही हे मोजणी खात्याच्या जुन्या नोंदवहीत असतं. म्हणून मी खात्याच्या अभिलेख कार्यालयात नकलेसाठी अर्ज केला. तीन आठवड्यांनी पान क्रमांक दोनशे बाराची खरी नक्कल मिळाली. कागद संपूर्ण कोरा होता. खाली गोल शिक्का, दोन सह्या आणि "मूळ पानाशी ताडून पाहिली, बरोबर आहे" असं लिहिलेलं. मी नक्कल कारकुनाला म्हटलं, हे कोरं आहे. तो म्हणाला, हो, पण बरोबर आहे. त्याच कोऱ्या कागदाच्या जोरावर दंतवैद्यानं भिंत गुडघ्यापर्यंत आणली, कारण नोंदच नाही म्हणजे बोळच नाही.

मी मूळ नोंदवही बघायला मागितली. कारकुनानं माझ्याकडे असं पाहिलं, की मी जणू त्याच्या बायकोचं वय विचारलं. त्यानं शांतपणे समजावलं की मूळ वही जपण्यासाठी असते, बघण्यासाठी नक्कल असते, आणि सगळ्यांनीच मूळ बघायला घेतली तर ती झिजून तिची नक्कल होईल. मग तुम्ही ताडून कशाशी पाहता, या प्रश्नावर कळलं की नवी नक्कल आधीच्या नकलेशी ताडतात. आधीची तिच्या आधीचीशी. मूळ वही शेवटची कधी उघडली हे सांगायला त्यानं आणखी एक रजिस्टर काढलं, त्यावरची धूळ माझ्याच बाजूला झटकली, आणि तारीख वाचून दाखवली. सतरा वर्षं झाली होती. मला तेव्हाच काहीतरी आठवायला हवं होतं. नाही आठवलं. (पुढे माझा वही बघण्याचा अर्ज त्यांच्याकडून गहाळ झाला. मी तक्रार केली तेव्हा त्यांनी मला माझ्याच अर्जाची खरी नक्कल दिली. तीही कोरी होती.)

मग माझं डोकं फिरलं. वकील न लावता मी स्वतःच दावा लिहिला. एक्केचाळीस पानं झाली, मग ती सुटी कशी देणार, म्हणून घरातला चांगला निळा कापडी पुठ्ठा काढून, दोऱ्याला तोटा नव्हताच, पक्की शिवण घातली आणि मलपृष्ठाच्या आत आपल्या दुकानाच्या नावाची उरलेली छापील चिठ्ठीही सवयीनं चिकटवली. दाव्यात मी काही हातचं राखलं नाही. खात्यातल्या कुणीतरी हेतुपुरस्सर पान दोनशे बारा नाहीसं केलं असा स्वच्छ आरोप केला, आणि परिच्छेद सदतीसमध्ये, सदर इसमास हुडकून काढून जन्माची अद्दल घडेल अशी शिक्षा व्हावी, अशी प्रार्थना केली. तो परिच्छेद मी आईला दोनदा वाचून दाखवला. ती म्हणाली, शिक्षा जरा बेताची लिही. मी ऐकलं नाही.

अकरा तारखा झाल्या. निकाल लागेपर्यंत भिंत थांबवायचा हुकूम मिळाला, पण निकाल काही हलेना. सरकारी वकील दर तारखेला मूळ वहीच्या नाजूक प्रकृतीबद्दल सांगायचे. न्यायाधीशबाई ऐकून घ्यायच्या. बाराव्या तारखेला त्या म्हणाल्या की प्रकृती एवढी नाजूक असेल तर शेवटचं भेटून घेऊ, आणि वही हजर करायचा हुकूम दिला. ती आली, दादा, लाल फडक्यात बांधून, दोन शिपायांच्या हातांत. मी विजयी मुद्रेनं उभा राहिलो.

फडकं सोडलं आणि मी वहीवर वाकलो. तो कणा, ती दर चौथ्या टाक्याला मारलेली दुहेरी गाठ! अशी गाठ या गावात दोनच माणसं मारायची, आणि त्यातला एक तिथे वादी म्हणून उभा होता.

पानं उलटली. दोनशे अकरानंतर थेट दोनशे चौदा. फाडलेलं, कापलेलं काही नाही. दोनशे बारा आणि दोनशे तेरा एकमेकांना तोंडाला तोंड लावून चिकटलेली, आणि ती सतरा वर्षं तशीच. उजेडात धरलं की आतली रेघ अंधुक दिसते, अक्षर लागत नाही. तुला ते काम आठवत असेल. दोनशे वह्यांचं कंत्राट, जीर्ण पानांवर पातळ कागद डकवायचा, खळ वाळू द्यायची आणि मगच वही दाबात घालायची. मी पीठ तुझ्याच वाटीनं मोजून पातेल्यात घातलं, ढवळायला आईला बसवलं आणि कागद कापायला गेलो. तासाभरानं तू पातेल्यात बोट घालून सगळ्या कारागिरांसमोर म्हणालास, ही खळ जाड आहे, पानं एकमेकांना धरतील. मी म्हटलं, मापानं घातली आहे. तू म्हणालास, खोटं बोलतोस. मग मलाही चढलं आणि मी म्हटलं, घातली जाड, जाडच चांगली. तू पानं दाबायची-सोडवायची तुझी हाडाची पट्टी खिशात घातलीस आणि निघून गेलास. मी त्याच खळीनं दोनशे वह्या केल्या.

हे सगळं मी कोर्टात उभ्याउभ्या आठवत होतो आणि वहीच्या मलपृष्ठावरच्या चिठ्ठीवर अंगठा दाबून धरला होता. बाईंनी अंगठा काढायला सांगितला. मग माझा निळा दावा उघडून शेजारी ठेवला. दोन्हीकडे तीच चिठ्ठी. त्यांनी परिच्छेद सदतीस काढून मनात वाचला, निदान मला तसं वाटलं, कारण त्यांचा चेहरा हलला नाही पण चष्मा हलला.

"हे दुकान कुणाचं?" त्यांनी विचारलं.

"आमचं. आम्हा दोघा भावांचं."

पान सोडवता येईल का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, येईल, पण घाई केली तर शाई वर येईल. ओला टिपकागद, हाडाची पट्टी आणि थांबायची तयारी पाहिजे. वादीला पुराव्याला हात लावता येत नाही, असं सरकारी वकील म्हणाले, आणि पहिल्यांदाच ते बरोबर होते. बाईंनी दुसऱ्या भावाची चौकशी केली. मी सांगितलं, आहे, ठणठणीत आहे, पण आमचं बोलणं नाही.

"मग लिहा," त्या म्हणाल्या आणि पुढची तारीख दिली.

तेव्हा हे पत्र कोर्टाच्या सांगण्यावरून लिहिलं आहे, माझी स्वतःची काही गरज होती असं समजू नये. थोरल्यांना नमस्कार लिहिला असता, पण आता आपल्याहून थोरली एकच उरली आहे आणि ती इथेच आहे. लेकीला आशीर्वाद.

तुझा,
धाकटा

ता. क. तारीख येत्या महिन्याच्या पहिल्या शनिवारी साडेदहाला आहे. तू तसाही गावात असतोसच. मी रीळ आणायला जाणार नाही. येताना हाडाची पट्टी आण. परिच्छेद सदतीस मागे घेण्याचा अर्ज दिला आहे, त्याची खरी नक्कल मिळाली, या वेळी अक्षरं आहेत.

दुसरा ता. क. खळ जाड होती. तू बरोबर होतास. सतरा वर्षं मला ते म्हणता आलं नाही, आज डोळ्यांनी पाहिलं म्हणून म्हणतो. फक्त एवढं, की मी खोटं बोललो नव्हतो. वाटी मापाचीच होती.

तिसरा ता. क. पाकीट बंद करण्याआधी आईनं पत्र वाचून घेतलं. दुसऱ्या ता. क. शी थांबली. मग म्हणाली, त्या दिवशी ढवळताना खळ तिला पातळ वाटली, म्हणून तिनं वरून दोन मुठी पीठ टाकलं होतं. आपण भांडलो तेव्हा सांगणार होती, पण तू तोवर गेला होतास, आणि नंतर रोज उशीर होत गेला. रडली थोडी. मीही. हे तुला अजिबात कळवायचं नाही, असं तिनं मला बजावलं आहे, तुझ्यासमोर तिला स्वतः सांगायचं आहे. तेव्हा मी काही कळवलेलं नाही. पुढच्या दारानं ये.