पहिली चूक साहेबाची

३ फेब्रुवारी १९५८
लाकूड डेपोवर नवे मॅनेजर आले. कॅप्टन दाभाडकर, फौजेतून निवृत्त. मी इथे अकरा वर्षं हेडक्लार्क. त्या खुर्चीवर हक्क माझा होता — पण सुधारणा म्हणे फौजेलाच जमते.
संध्याकाळी शिटी. सगळे रांगेत. दिवसभरातली चूक प्रत्येकानं सांगायची, पहिली साहेबानं. "गाड्या चुकीच्या वाटेनं पाठवल्या. बैल फुकट दमले. चूक माझी."
कोणी हसलंसुद्धा नाही.

९ फेब्रुवारी
आज गाडीवान पत्रू बोलला. "साहेब, मीनं साखळी नाई पाह्यली. ओंडका सुकरीच्या पायावर येता येता राह्यला." मजूरबाई सुकरी मागून — "आता तरी डोये उघडे ठेव, भाऊ." हशा. शिक्षा नाही. साखळी बदलली.
माझी पाळी. "विशेष काही नाही," म्हणालो.

२४ फेब्रुवारी
कॅप्टननी चिठ्ठी दिली. मोहफुलं गळायच्या आत, आग अडवायला डेपोच्या दक्षिणेला राखलेला मोकळा पट्टा झाडून घ्यायचा, राखणदार झिंगूला माणसं द्यायची.
चिठ्ठी खणात ठेवली. आधी दौऱ्याचा अहवाल, म्हटलं. खरं लिहायचं तर — यांचंही एखादं काम अडू दे.

१७ मार्च
मोहफुलं वेचायला लोकांनी झाडांखालचा पाला पेटवला. दरवर्षी पेटवतात. पट्टा पानांनी भरलेला. आग सरळ डेपोत. सागाच्या सात थप्प्या गेल्या. विझवताना झिंगूचे दोन्ही हात भाजले.
चिठ्ठी खणातच आहे.

१९ मार्च
चौकशी. वरचे साहेब झिंगूला काढायचं ठरवूनच आलेले. "पट्टा का नाही झाडला?"
"हुकूमच नाई आला, साहेब. मानसं कुठून आनू?"
कॅप्टननी माझ्याकडे पाहिलं. मी दौतीकडे.
"हुकूम मी काढला होता," ते म्हणाले. "पोचला का, ते पाहिलं नाही. चूक माझी."

२ एप्रिल
कॅप्टनची नोकरी गेली. झिंगूची नोकरी राहिली. चार्ज माझ्याकडे.
वरून पत्र: लष्करी शिस्त उपयुक्त. शिटी व हजेरी चालू ठेवावी. चुका सांगण्याची प्रथा बंद.
वरच्यांनी फौजेतलं गळ्यात अडकवता येतं तेवढंच घेतलं.

३ एप्रिल
मी शिटी वाजवली नाही. तरी दिवस कलताच सगळे रांगेत उभे. झिंगूच्या हातांना चिंध्या.
म्हणाला, "बाबूजी, पयले तुमी."