पार्सलची खिडकी

प्रिय ल्युशस,

तुझं ख्रिसमसचं कार्ड वेळेवर मिळालं होतं. उत्तराला एप्रिल उजाडला, याचा दोष टपालखात्याला देऊ नकोस, आळस माझाच. तुझी बायको गेल्याचं वाचून वाईट वाटलं. आणि खाली बारीक अक्षरात तू लिहिलं होतंस की त्या दिवशी मी स्टेशनवर आले नाही, त्याचा राग आता उरलेला नाही. चौसष्ट वर्षांनी का होईना, माफी मिळाली म्हणायची. कार्ड आधी फ्रिजवर लावलं होतं, मग काढून बायबलमध्ये ठेवलं. असो. आज लिहायला बसले ते कामासाठी. मला तुझी एक सही हवी आहे. कशावर, ते सांगते, पण माझ्या चालीनं सांगते. घाई करणाऱ्या मुलांना मी वर्गातसुद्धा कधी दाद दिली नाही.

मागच्या वर्षी माझी बहीण व्हिनी गेली आणि घरात बोलायला कुणी उरलं नाही. रविवारी चर्च असतं, बाकीचे सहा दिवस भिंती असतात. एकदा वाचनालयात काउंटीचं एक घडीपत्रक हाती लागलं, आपल्या लोव्हेट काउंटीतली सात ऐतिहासिक ठिकाणं. म्हटलं, जन्म इथे गेला, पण आपल्या काळ्या लोकांना यातली निम्मी दारं बंदच होती. आता उघडी आहेत तर बघून घेऊ. तेव्हापासून दर गुरुवारी मी गाडी काढते आणि एखादं ठिकाण पाहून येते. सात संपली की पुन्हा पहिल्यापासून. डोळ्यांचा डॉक्टर म्हणतो गाडी चालवू नका. मी त्याला म्हटलं, बाळा, तुला पहिलीत डावा-उजवा हात मीच शिकवला.

जुन्या तुरुंगात फाशीचा तक्ता अजून आहे आणि शनिवारी त्याच अंगणात मुलांचे वाढदिवस होतात, फुगे लावून. नदीकाठच्या बंगल्यात वाट दाखवणारी बाई माझ्या आजीच्या आईसारख्या गुलाम माणसांना ‘घरातली नोकरमंडळी’ म्हणते. मी फक्त तिच्याकडे बघते, आणि ती जिन्याच्या लाकडाबद्दल सांगायला लागते. सगळ्यात गंमत म्हणजे आपली मेव्हिल रोडची शाळा. जिथे आपण शिकलो आणि मी पुढे शिकवलं, तीही आता म्युझियम झाली आहे. माझं हजेरीपुस्तक काचेखाली ठेवलंय. लवकरच मलाही शेजारी ठेवतील. बहुतेक ठिकाणी पाहुण्यांच्या वहीत सबंध आठवड्यात माझं एकटीचंच नाव असतं. मागचं पान उलटलं की तिथेही माझंच. कधीकधी मी अक्षर बदलून लिहिते, म्हणजे त्या वहीला तरी जरा सोबत वाटेल.

सातवं ठिकाण म्हणजे स्टेशन. गाडी बंद होऊन जमाना झाला, रूळही उखडून नेले. इमारत मात्र रंगवून चकचकीत केली आहे. तिथे अर्लीन पर्व्हिस नावाची गोरी बाई असते, अठ्ठ्याहत्तरची, तोंडाची टकळी अखंड चालू. पगार नाही, हौस म्हणून बसते. पहिल्याच दिवशी म्हणाली, “बसा हो मिस ओडेसा, तुमचे गुडघे माझ्यासारखेच कुरकुरतात, मला इथपर्यंत ऐकू आलं.” तेव्हापासून माझ्यासाठी ती केक आणते. केक कोरडा असतो, पण मी सांगत नाही. कुणीतरी आपल्यासाठी एक तुकडा बाजूला काढून ठेवतं, असं होऊन किती दिवस झाले होते. खरं सांगायचं तर कुठलंही ठिकाण पाहिलं तरी परतताना दर गुरुवारी मी स्टेशनवर थांबायला लागले, आणि आठवडाभर त्या गुरुवारची वाट बघायला लागले.

इमारतीच्या मागच्या अंगाला, कापसाच्या गोदामाच्या बाजूनं, ती लहान खिडकी अजून आहे. आपली खिडकी. गजही तेच. आणि तिच्याखाली पितळेची पाटी लावली आहे, ‘पार्सलची खिडकी’. मी पहिल्यांदा वाचली तेव्हा हसू आलं. दुसऱ्यांदा आलं नाही. चार-पाच गुरुवार मी गप्प बसले, केक खाल्ला, घरी आले. मग एकदा म्हटलं, “मिस अर्लीन, ती पार्सलची खिडकी नव्हती. काळ्या लोकांना तिकिटं तिथून मिळायची.” ती हसत होती ती थांबली. म्हणाली, “अहो, माझे बाबा इथे तिकीटमास्तर होते. पाटी त्यांच्याच सांगण्यावरून केलीय. त्यांना नसेल का माहीत?” मी म्हटलं, “त्यांना चांगलं माहीत होतं.” मग दोघींनी केकचे कण वेचले.

बाई वाईट नाही, ल्युशस. तेव्हा ती चौदा वर्षांची पोर, बापानं सांगितलेलं खरंच मानणार. पुढच्या गुरुवारी तिनं स्वतःच पाट्या ठरवणाऱ्या कमिटीचा कागद माझ्यापुढे सरकवला. पाटी बदलायची तर दोन हयात माणसांची सही केलेली आठवण लागते, स्वतः पाहिलेली, तारखेसकट. म्हणाली, “नियम आहे, मिस ओडेसा. मी केलेला नाही.” मी यादी करत बसले. ज्यांची ज्यांची नावं आठवली ती सगळी सिलोम चर्चच्या मागे दगडांवर कोरलेली निघाली. उरलास तू. तू तर त्या खिडकीवर सतरा वेळा गेला असशील, मावशीकडे जाताना, लष्कराच्या तपासणीला जाताना. मे अखेर कमिटी बसते. तोवर तुझा कागद आला नाही तर पाटी तशीच राहील, आणि आपण दोघं गेल्यावर आपले लोक पार्सलं म्हणूनच राहतील. कोरा कागद सोबत जोडला आहे. तुझ्या अक्षरात लिही, मी सांगितलेलं लिहू नकोस.

आता माझ्या कागदाचं सांगते, कारण खरं पत्र इथून पुढे आहे. मी त्या खिडकीवर आयुष्यात एकदाच उभी राहिले. तारीख लिहायची होती, म्हणून लिहिली: नऊ जून एकोणीसशे एकसष्ट, सकाळी अकराची गाडी. तू आधीच्या स्टेशनावर चढणार आणि मी इथे, म्हणजे पळून जाताना आपल्याला एकत्र कुणी पाहणार नाही, असं ठरलं होतं. मी आले होते, ल्युशस. पावणेअकरालाच आले होते, तू सांगितल्याप्रमाणे बुटांच्या खोक्यात दोघांपुरती तळलेली कोंबडी आणि केक घेऊन. माझ्यापुढे तिघं होते. तिकीटमास्तर आत पाठ करून उभा होता आणि दर्शनी बाजूच्या खिडकीवरच्या गोऱ्या गिऱ्हाइकाशी शिकारी कुत्रीच्या पिलांबद्दल बोलत होता. त्या गिऱ्हाइकाचं तिकीट केव्हाच फाडून झालं होतं. मला गजांमधून फक्त त्याच्या पँटच्या गॅलिसच्या पट्ट्यांची पाठीवरची फुली दिसत होती. गाडी आली ते मी ऐकलं. तू दारात उभा राहून फलाटभर बघत असणार, तेही मला माहीत होतं, पण ती खिडकी मागच्या बाजूला, तिथून ना मी तुला दिसत होते ना तू मला. बिनतिकिटाची चढले तर पुढच्या स्टेशनावर उतरवतील, म्हणून रांग सोडायची हिंमत झाली नाही. पिलं पाच होती, त्यातलं एक लंगडं होतं, एवढं ऐकलं आणि शिट्टी झाली. वळसा घालून धावत आले तेव्हा शेवटचा डबा पुलापाशी होता. दुसऱ्या दिवशी तीच गाडी पुन्हा होती, आणि मी आले नाही. आईचा चेहरा बघितला आणि हिय्या संपला. तो दोष खिडकीचा नाही, माझा आहे. मग तुझं ते रागाचं पत्र आलं, आणि कुत्र्याच्या पिलांपायी माझा जन्म हुकला, हे लिहायची मला लाज वाटली. तू समजलास तेच बरं, म्हणून गप्प राहिले. आता कमिटीतले पाच लोक हे वाचतील. अर्लीनही वाचेल, आणि त्यानंतर माझ्यासाठी केक ठेवेल की नाही, कुणास ठाऊक. पण त्या सगळ्यांच्या आधी ते तू वाचायला हवंस. तू मला माफ केलंस ते परत घे, ल्युशस. मी आले होते.

रांगेत चौथी उभी होती ती,
तुझीच
ओडेसा