पंधरा माणसं, सोळा सीटा

रूपसिंग गुरुजींना सलाम.

आपल्या निवृत्त मंडळाचे दोन कॅरम बोर्ड, सहलीच्या टेम्पोतल्या सोळा सीटा आणि चढायची घडीची पायरी, हे सगळं मी माझ्या हातांनी केलं. कुठं शिकलो नाही, पण तुमचे गुडघे बघून पायरी बराबर सात इंचांवर बसवली.

ईसापूर धरणाच्या सहलीला येतो म्हणालो, तर तुम्ही अध्यक्ष म्हणून सांगितलं, "इब्राहीमभाई, जागा भरल्या." मी स्टँडवर उभा राहून मोजलं. पंधरा माणसं गेली.

घरी शाहिस्ता हसली. "सीटा काहून मोजून राहिले? सरळ विचारा की!"

विचारलं. तुम्ही म्हणालात, "तुम्ही कुठं निवृत्त?" गुरुजी, डोळ्याच्या ऑपरेशननंतर वेल्डिंगचं दुकान पोराला दिलं, त्याला दीड वर्ष झालं. बँकेतले साहेब बावन्नाव्या वर्षी घरी बसले, ते सभासद चालतात. मी चोपन्नचा. मग तुम्ही पेन्शन बघता, का शिक्षण? का माझं नाव? हे तोंडावर विचारवत नाही, अन् हे पत्रही तुमच्या हाती देणार नाही.

परवा तुम्ही घरी आलात. वाटलं, सभासद करून घ्यायला आलात. शाहिस्तानं नवे कप काढले. तुम्ही काम घेऊन आला होतात, मी "नको" म्हणालो ते त्यालाच: पुढच्या सहलीला मदतनीस म्हणून यायचं, म्हाताऱ्यांना धरून उतरवायचं, डबे वाटायचे. दिवसाचे चारशे रुपये.

इब्राहीम, कळमनुरी