सहावा त्रिकोण पिवळा

वहिनी,

कारखान्याचे साहेब धडधडीत खोटं बोलतायत. दादा म्हणे स्वतःहून काम सोडून गेला! मग त्याच्या घरच्या चपला अजून लॉकरमध्ये कशा? अनवाणी पळाला का? त्यांनी आणलेल्या कागदावर सही करू नकोस. मी त्या चपला मागायला गेटवर चाललेय.

टेबलावरचा पट आवरू नकोस. तू कधी खेळली नाहीस, म्हणून सांगते. एका वेळी एकच त्रिकोण ठेवायचा, आधीच्या एखाद्याला कड लावून. सहा जुळले की षटकोन होतो, आणि सहावा ज्याचा, षटकोन त्याचा. लाल माझे, पिवळे दादाचे.

आता खरं सांग. तो घरी यायचा थांबल्याला महिना झाला. मी आपली वेड्यासारखी रोज एक लाल ठेवते आणि सकाळी बघते तर एक पिवळा वाढलेला असतो. आज त्या पिवळ्याने माझा षटकोन पळवला. तोही खरखरीत बाजू वर करून, आणि ही खोड फक्त त्याची.

घरात आपण दोघीच. ठेवणारी तू असशील, तर या कागदामागे ‘हो’ लिही. नसशील, तरी ‘हो’च लिही.